रॅम बदलण्यापूर्वी

स्वतःच्या हाताने संगणकाची रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी) वाढवण्याचे आपण ठरवले, याचा मनापासून आनंद वाटला. हे काम नवशिक्यालाही जमते. मात्र म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात जाण्यापूर्वी मेमरीचा प्रकार आणि रिकामे स्लॉट (रॅमची पट्टी बसवायच्या जागा) नक्की तपासा, कारण डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅमची पट्टी डीडीआर५ या नव्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, लॅपटॉपची पट्टी सहसा डेस्कटॉपला चालत नाही आणि कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डवरच सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) असते.

वीजपुरवठा तोडा, लॅपटॉपची बॅटरीही सोडवा. पट्टी कडेनेच धरा. आपल्याकडच्या दमट हवेत घामेजलेली बोटे सोनेरी संपर्कांना लागू देऊ नका.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पट्टी अर्धवट बसवणे. पट्टीवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून घ्या; डेस्कटॉपमध्ये पट्टी दोन्ही टोकांवर सरळ दाबा, लॅपटॉपमध्ये मात्र ती तिरकी पूर्ण आत सरकवून मग खाली दाबा, खटका बसेपर्यंत. माझ्या अनुभवात ‘रॅम खराब आहे’ अशा बहुतेक तक्रारी येथेच मिटतात.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहिला, तरी घाबरू नका. विशेषतः डीडीआर५ ला पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटे लागू शकतात. टायमिंग, ओव्हरक्लॉकिंग अशा रॅमचा वेग बदलणाऱ्या सेटिंगांचा विचार तूर्त नको.