वाचकांचे प्रश्न : मोबाइलवर साहित्य वाचताना

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून घेतल्या. मोबाइलवर अक्षर फार बारीक दिसतं, मोठं केलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. थोड्याच वेळात डोकं धरतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल का?
– वाचक, सिडको

डोळे तपासून घ्याच, पण दोष बहुधा फाइलचा आहे. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचं पान साधारण साडेपाच इंच रुंद असतं आणि मोबाइलचा स्क्रीन पावणेतीन इंचांच्या आसपास. पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते, त्यामुळे अक्षर थेट निम्म्यावर येतं. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. ‘वर्ष’ आणि ‘वर्षं’ यांत फरक आहे तो रफाराला चिकटलेल्या एका टिंबाचा. तो दिसेनासा झाला की डोळा अडखळतो आणि ओळ पुन्हा वाचावी लागते.

पुस्तक ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मिळत असेल तर तेच घ्या. त्यात मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वाहतो. एका ओळीत पाच-सहा शब्द बसतील एवढं अक्षर आणि दीडपट ओळअंतर ठेवा. दोन्ही कडा सारख्या करणारी मांडणी बंद करून डावीकडची ठेवा. प्रत्यय लागलेले मराठी शब्द लांब असतात आणि बरीच ॲप ते ओळीअखेर तोडत नाहीत; मग अरुंद ओळीत शब्दांमध्ये भोकं पडतात.

फक्त पीडीएफच असेल तर समास कापण्याची सोय असलेलं ॲप वापरा आणि मोबाइल आडवा धरा. रुंदी सहा इंचांच्या जवळपास जाते, म्हणजे अक्षर छापील पुस्तकाएवढं दिसतं. पान फक्त वर-खाली सरकवावं लागतं. पीडीएफचं ईपब करण्याच्या फंदात पडण्याआधी एका शब्दावर बोट दाबून ठेवा. शब्द निवडलाच गेला नाही, तर ते पानांचं स्कॅन आहे. निवडला गेला, पण दुसरीकडे चिकटवल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं आली, तर पुस्तक युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. त्याचं साधं रूपांतर करून हाती कचराच येईल.

कवितेच्या ओळी मोबाइलवर कुठेही तुटतात. काय करावं?
– वाचक, पंचवटी

कवीने मोडलेली ओळ आणि स्क्रीनने मोडलेली ओळ सारखीच दिसते, हे कवितेचं मोठं नुकसान आहे. आधी कवितेतली सर्वांत लांब ओळ शोधा. मोबाइल आडवा धरून ती ओळ अखंड मावेपर्यंत अक्षर लहान करत जा, मगच वाचायला लागा. कादंबरीला जाचक ठरणारी पीडीएफची पक्की मांडणी इथे उपकारक ठरते; कवितासंग्रह पीडीएफमध्येच वाचावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कवितांवर मात्र विसंबू नका. ओळी एकमेकींना चिकटलेल्या, कडवं गाळलेलं, नाव भलत्याच कवीचं, असं सर्रास असतं. आवडलेली कविता मूळ संग्रहात पडताळावी. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या नाशिकमध्ये आहे, त्याचा उपयोग करा.

स्क्रीनवर वाचलेली कादंबरी लक्षात राहत नाही. कागदावरच वाचावं का?
– वाचक, गंगापूर रोड

२०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, असं त्यात दिसलं. निव्वळ कथात्म मजकुरात तसा फरक आढळला नाही. तेव्हा कादंबरी स्क्रीनवर खुशाल वाचा, पण वाचण्याची रीत बदला. मजकूर सरकवत वाचू नका, पान उलटण्याची सेटिंग लावा. प्रसंग पानावर कुठे होता, ही खूण स्मरणाला धरून ठेवते आणि सरकत्या मजकुरात ती हरवते. पात्र पहिल्यांदा येईल तिथे नाव रंगवून ठेवा. शंभर पानांनंतर ‘हा कोण?’ असं झालं की रंगवलेल्या नावांची यादी ॲपमध्ये उघडता येते. प्रकरण संपेपर्यंत ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू ठेवा.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. स्क्रीनवर वाचताना त्या कमी मिटतात. काळ्यावर पांढरं अक्षर सर्वांनाच मानवत नाही. सिलिंडरचा नंबर असलेल्यांना अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या दिसू शकतात. त्यांनी पिवळसर पार्श्वभूमी घ्यावी.

ग्रुपवर आलेल्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ वाचायला हरकत आहे का?
– वाचक, नाशिकरोड

स्वामित्वहक्क चालू असेल तर आहे. लेखकाच्या हयातीत निघालेल्या पुस्तकाचा हक्क मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९६० साली वारलेल्या लेखकाची अशी पुस्तकं १ जानेवारी २०२१ ला मुक्त झाली. अनुवादाला मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तोही बघा.