फिल्म खराब नव्हती, पण ती निवडली कोणी?

प्रश्न थोडक्यात असा: स्टीलच्या शाफ्टवर पितळी बुश बसवलेली असेंब्ली आम्ही बनवतो. गंज लागू नये म्हणून एका पुरवठादाराकडून व्हीसीआय फिल्म (गंज रोखणारी रसायनं सोडणारी प्लास्टिकची फिल्म) घेतली आणि माल तिच्यात गुंडाळून जहाजाने पाठवला. ग्राहकाने पेट्या उघडल्या तेव्हा बुश काळे-हिरवे पडले होते. त्याने सगळा माल नाकारला. पुरवठादार म्हणतो, फिल्ममध्ये काहीही दोष नाही. भरपाई मिळेल का?

अशी पत्रं वर्षातून दोन-चार तरी येतात. कधी जस्ताचा मुलामा पांढरा पडलेला असतो, कधी तांब्याचे टर्मिनल काळवंडलेले. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला निकृष्ट माल मिळाला. करार झाला होता का, पैसे दिले का, यावर तुमच्यात वाद नाही, म्हणून ते सोडून देतो.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. शाफ्ट आरशासारखा लखलखतोय आणि त्याच शाफ्टवरचा बुश, फिल्म जिथे घट्ट बसली होती नेमका तिथे, कळकलाय. ‘फिल्म निकृष्ट होती’ असं म्हणून तुम्ही हा फोटो कोर्टात ठेवलात, तर समोरचा वकील मनातल्या मनात तुमचे आभार मानेल. कारण फिल्मने स्टील वाचवलं. तिचं जे काम होतं ते तिने चोख केलं.

या फिल्ममधली रसायनं हळूहळू वाफेच्या रूपात बाहेर पडतात आणि धातूवर अगदी पातळ थर धरतात. लोखंड-पोलादासाठीच्या बऱ्याच फिल्ममध्ये नायट्राइट आणि अमाइन वर्गातली रसायनं असतात. ती पोलादाला मानवतात, पण अमाइन ही अमोनियाची भावंडं, आणि दमट हवेत तांब्याशी त्यांचं जमत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्ही नाजूक. तांबं-पितळ सोबत असेल तर बेंझोट्रायझोलसारखं रसायन असलेली, मिश्र धातूंच्या मालासाठी बनवलेली फिल्म लागते. हे काही आजचं ज्ञान नाही. ब्रिटिश अमदानीत तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. अमोनिया आणि पितळात राहिलेला ताण हे दोन्ही मिळून ते घडवतात, हे १९२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. तुमचे बुश तडकले नाहीत, नुसते कळकले, एवढंच नशीब.

म्हणजे तुमची तक्रार ‘खराब फिल्म’ ही नाही, ‘चुकीची फिल्म’ ही आहे. आणि चुकीची फिल्म म्हटलं की कोर्ट एकच विचारतं: निवडली कोणी?

मालविक्री कायदा, १९३० चं कलम १६ इथे सगळं ठरवतं. माल कशासाठी हवा आहे हे खरेदीदाराने विक्रेत्याला कळवलं असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल आणि तसला माल विकणं हाच विक्रेत्याचा धंदा असेल, तर तो माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, ही अट लिहिलेली नसली तरी करारात धरली जाते. मात्र त्याच कलमात एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे. एखादी ठरावीक वस्तू तिच्या पेटंट किंवा व्यापारी नावाने मागवली असेल, तर ती अमुक कामाला योग्य आहे अशी अट धरली जात नाही.

आता तुमची परचेस ऑर्डर बघा. ‘अँटी-रस्ट व्हीसीआय फिल्म’, पुढे ब्रँडचं नाव, जाडी, रोलची संख्या. बस्स. पितळ हा शब्द कुठेही नाही. ड्रॉइंग जोडलेलं नाही. कोटेशनसोबत आलेली डेटाशीट उघडलीच नव्हती असं तुम्हीच लिहिता, आणि तिच्या पहिल्याच पानावर ‘लोहयुक्त धातूंसाठी’ असं छापलंय. लाखोंचा माल ज्या फिल्मच्या भरवशावर समुद्रात लोटायचा, तिचं एक पान वाचायला कितीसा वेळ लागला असता?

एवढ्यावर तुमचा दावा मी हातात घेतला नसता. पण पत्राच्या तळाशी, ता. क. म्हणून, तुम्ही एक ओळ टाकली आहे: ऑर्डरच्या आधी त्यांचा विक्री प्रतिनिधी शॉपवर आला होता, त्याने असेंब्लीचे फोटो काढले आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘तुमच्या पार्टला हीच चालेल, हीच घ्या.’ अहो, ही ता. क. नाही, हाच तुमचा दावा आहे!

परंतुकाचा अर्थ ‘नाव घेतलं की संपलं’ असा नाही. आपला कायदा ज्या इंग्लिश कायद्यावर बेतलाय, त्याखाली १९२५ मध्ये बाल्ड्री विरुद्ध मार्शल हा खटला गाजला. गिऱ्हाइकाने विक्रेत्याला सांगितलं, फिरायला आरामशीर गाडी हवी. विक्रेता म्हणाला, बुगाटी त्याला चालेल. गिऱ्हाइकाने बुगाटीच मागवली, आणि ती त्या कामाची निघाली नाही. नावाने मागवली म्हणून विक्रेत्याला सुटता आलं नाही, कारण गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर विसंबलं होतं. आपल्या कोर्टांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण तर्क तुमच्या कामाचा आहे. प्रतिनिधीने पितळी बुश डोळ्यांनी पाहिले आणि मग ‘हीच घ्या’ म्हणाला, हे सिद्ध झालं तर पारडं तुमच्याकडे झुकतं. नाही झालं तर परंतुक तुमच्या मानगुटीवर बसलंच म्हणून समजा.

तो मेसेज ऑर्डरच्या आधीचा हवा. नंतरचा असेल तर त्याची किंमत फार थोडी. आणि तुम्ही लिहिता की फोन बदललाय, जुना ‘घरात कुठेतरी असेल’. तो आज शोधा, आणि मुलांना गेम खेळायला देऊ नका. स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर भागणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसकट (म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा).

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि इथे तुम्ही माझी झोप उडवलीत. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५५ प्रमाणे तीन वर्षं मिळतात, ती करार मोडला तेव्हापासून. अयोग्य माल दिला म्हणजे सहसा देण्याच्या दिवशीच करार मोडला. पेट्या परदेशात उघडल्या त्या दिवसापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबून राहू नका. फिल्म तुमच्या गेटमधून आत आली त्याला दोन वर्षं सात महिने झाले. उरले पाच. ‘आमचा टेक्निकल माणूस पाठवतो’, ‘वर विचारून सांगतो’ अशा त्यांच्या मेलनी मुदत वाढत नाही. त्यासाठी जबाबदारीची सही असलेली लेखी कबुली लागते, आणि तीही मुदत संपण्याआधीची. तुम्ही त्या मेलवर दीड वर्ष काढलंत.

दाव्याची रक्कम तीन लाख रुपयांच्या वर असेल तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयात जाईल. तिथे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ अ नुसार आधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात हे सक्तीचं ठरवलंय. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण अर्ज वेळेत पडायला हवा. या महिन्यात करा. ग्राहक आयोगाचा विचार सोडा, खरेदी धंद्यासाठी आहे.

बाकी ठिकाणी मी ठाम बोलणार नाही. इनव्हॉइसच्या मागे ‘जबाबदारी फक्त रोल बदलून देण्यापुरती’ असं छापलंय. ते ऑर्डरनंतर आलं असेल तर त्याला फारसं वजन नसावं, पण तोच मजकूर कोटेशनमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ग्राहकाने नाकारलेल्या मालाची पूर्ण किंमत मिळेल का, हे माल निर्यातीचा आहे हे पुरवठादाराला किती ठाऊक होतं यावर अवलंबून. तुम्ही त्यांचं शेवटचं बिल अडवलंय, त्यातून नुकसान वजा करायला मागता येतं. पण पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज चढतं. तेवढं तपासा, मगच ते पुढे अडवून ठेवा.

समोरून काय येणार तेही ऐका. मशीनवर वापरलेलं कूलंट (थंड ठेवणारं द्रव) नीट धुतलं नव्हतं, कामगारांनी घामेजल्या हातांनी बुश हाताळले, लाकडी पेटीतून आम्लाची वाफ सुटली, कंटेनरमध्ये दव पडलं. यातलं प्रत्येक कारण पितळ खराब करू शकतं. म्हणून तज्ज्ञाकडे नुसता बुश देऊन उपयोग नाही. त्याच बॅचची न वापरलेली फिल्म हवी. एक रोल अर्धा उरलाय म्हणता, तो बॅच नंबरच्या लेबलसकट सील करून ठेवा.

आणि परत आलेले बुश पॉलिश करून देशातच विकून टाकायचा बेत आहे ना, तो आठवडाभर थांबवा. नुकसान कमी करणं ही तुमचीही जबाबदारी आहे, तेव्हा विकायला हरकत नाही. पण आधी पुरवठादाराला लेखी कळवा की अमुक दिवसांत येऊन माल पाहा आणि नमुने घ्या. तो आला नाही तर पंचांसमोर दहा-बारा असेंब्ली, आहेत तशाच, त्यांच्या मूळ फिल्मसकट, बाजूला काढा. मग बाकीच्यांना पॉलिश लावा.