कागदावर लिहून घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फुटपाथवरच्या मुलांच्या संस्थेत रुजू होतोयस, ऐकून बरं वाटलं. मुलांना माया लावणार म्हणतोस, लाव. पण मायेने पोरगं कमावतं होत नाही.

मी आयटीआयला फिटर ट्रेडचा निदेशक होतो, त्यामुळे अशाच रस्त्यावरच्या पोरांसाठी झटलेला डॉन बॉस्को मला संत म्हणून भावतो त्यापेक्षा मालकांशी करार करणारा पाद्री म्हणूनच जास्त भावतो. १८४१ साली तो धर्मगुरू झाला, तेव्हा इटलीतल्या तुरीन शहरात खेड्यांतली पोरं कामासाठी लोटत होती. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी धुराडी साफ करायला, कुणी थेट तुरुंगात. १८४६ मध्ये त्याने व्हाल्दोक्को भागात या पोरांसाठी एक शेड भाड्याने घेतली. आई मार्गारिता गाव सोडून आली आणि पोरांच्या कपड्यांना ठिगळं लावत बसली.

पण त्याची खरी करामत कागदावर आहे. ८ फेब्रुवारी १८५२ चा, एका पोराला काम शिकायला ठेवताना सुताराशी केलेला स्टँप पेपरवरचा करार बघ. मालकाने कसब शिकवायचं, भलत्या कामाला जुंपायचं नाही. चुकलं तर तोंडाने सांगायचं, हात उगारायचा नाही. सणावारी सुट्टी. खाली मालकासोबत डॉन बॉस्कोची सही. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, आणि तरी उमेदवाराला दिवसभर चहा आणायला पिटाळणारे शेठ मी पाहिलेत!

पुढे त्याने स्वतःच चांभारकाम, शिवणकाम, छपाईच्या कार्यशाळा काढल्या. त्याने काढलेला सेलेशियन धर्मसंघ १८५९ चा. मुंबईत माटुंग्याची त्यांची शाळा सगळ्यांना ठाऊक असते. तू वडाळ्याचं त्यांचं शेल्टर, म्हणजे रस्त्यावरच्या मुलांचा निवारा, बघून ये.

त्याच्या पद्धतीत धर्म होताच. तुला तो घ्यायचा की नाही, तुझं तू ठरव. मात्र १८८४ मध्ये त्याने रोमहून सहकाऱ्यांना पत्र लिहून कानउघाडणी केली, ती घेच. तक्रार काय, तर मास्तर मंडळी सुट्टीत पोरांत मिसळेनाशी झालीत. प्रेम असून भागत नाही, ते मुलांना कळलंही पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मधल्या सुट्टीत ऑफिसात बसू नकोस.

पोरगं कामाला मागायला येणारा गॅरेजवाला गोड बोलेल. चौदा वर्षं पूर्ण नसतील तर पोरगं पाठवूच नकोस, आणि धोक्याच्या कामाला अठराच्या आत नाही. पाठवशील तेव्हा कामाचे तास, कोणतं काम, स्टायपेंड किती, सगळं लिहून घे. पैसे पोराच्याच खात्यात जमा होतील, हेही त्यात घाल. ठेकेदाराच्या हातात एक रुपया देऊ नकोस.

तुझा,
काका