चाड्यावर मूठ: यातलं चाडं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आलाय की जून उजाडला की पेपरात हमखास वाक्य असतं, "पावसाने हजेरी लावताच शेतकऱ्यांनी चाड्यावर मूठ धरली", आता चाड म्हणजे तर पर्वा, लाज, 'जनाची नाही तर मनाची तरी चाड ठेव' मधली, मग शेतकरी लाजेवर मूठ कशाला धरतील? आणि गंमत बघा, चारच दिवसांपूर्वी दुसऱ्या एकाने फोटो पाठवला होता, जुन्या बाजारातून घेतलेला जड लाकडी वाडगा, बुडाला आरपार चार भोकं, दुकानदाराने मेणबत्तीचा स्टँड म्हणून गळ्यात मारलाय, तर याला मराठीत काय म्हणतात? दोघांना एकच उत्तर. तो वाडगा म्हणजेच चाडं.

आधी शब्दाचं बघू. 'लाज'वर मूठ धरायची असती तर 'चाडेवर' झालं असतं, जसं लाज-लाजेवर. 'चाड्यावर' हे रूप भांडं-भांड्यावर, गाडं-गाड्यावर याच चालीचं, म्हणजे मूळ शब्द नपुंसकलिंगी, चाडं, पुस्तकी लिहायचं तर चाडे. चाड स्त्रीलिंगी, चाडं नपुंसकलिंगी, दोघांचा संबंध एवढाच की सामान्यरूप करताना लोकांचा गोंधळ होतो. चाडी (चहाडी) हा आणखी तिसराच. पेपरात कधीकधी 'चाढ्यावर' असंही छापून येतं, मी मात्र 'ड'च लिहितो, आजोळी तसंच ऐकत आलोय.

आता वस्तू. तिफण म्हणा की पाभर म्हणा, विदर्भ-मराठवाड्यात तिफण, आमच्या पश्चिम महाराष्ट्राकडे पाभर, हे बैलांनी ओढायचं पेरणीचं औजार. तिफण म्हणजे तीन फणांची, पाभर दोन फणांची असते, चारचीही असते. फण जमिनीत रेघ पाडत जातात, प्रत्येक फणाच्या मागे कळकाची (बांबूची) पोकळ नळी, आणि या सगळ्या नळ्या वर एकत्र येऊन ज्या वाडग्याच्या बुडात घुसतात ते चाडं. जितके फण तितकी भोकं. वरून बी सोडलं की ते वाटून एकेका रेघेत पडतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाला हा शब्द माहीत नसणं अगदी साहजिक आहे, तिकडे भाताची रोपं हाताने लावतात, लावणीला चाडं कशाला लागतंय.

आणि मूठ. हे मी प्रत्यक्ष बघितलंय म्हणून जरा लांबण लावतो. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचा पट्टा, तीही मालदांडी वाणाची. मामा बैलांमागे आणि मामी पाभरीच्या मागे चाड्याला हात लावून चालायची, ओटीत बियाणं बांधलेलं. ओटीतून मूठभर घ्यायचं, मूठ चाड्याच्या तोंडावर आणायची आणि अंगठा नि बोटांच्या फटीतून दाणे सोडत हात गोल फिरवत ठेवायचा, हात एका भोकावर जरा रेंगाळला की ती ओळ दाट आणि शेजारची मोकळी, आणि हे तेव्हा कळत नाही हो, आठवड्याने उगवण झाली की अख्ख्या गावाला दिसतं आणि मग विचारतात, मूठ कुणाची होती? शिवाय फणात ओली माती अडकली की नळी तुंबते, त्या भोकात बी वर साचायला लागतं, ते नजरेने टिपून लगेच हाळी द्यायची, नाहीतर पुढची रेघ कोरीच. रब्बी ज्वारीला बियाणं हेक्टरी 10 किलो सांगतात, दोन ओळींत अंतर 45 सेंटिमीटर, एवढं थोडं बी एवढ्या रानात नुसत्या मुठीच्या अंदाजाने पुरवायचं. मी एकदा हट्टाने मूठ धरली होती, दोन तासांतच (तास म्हणजे इथे शेतातली ओळ बरं का, घड्याळातला नव्हे) मामीने हात बाजूला केला.

त्यामुळे 'चाड्यावर मूठ धरली' म्हणजे सरळ सरळ पेरणी सुरू केली. हल्ली बरीचशी पेरणी ट्रॅक्टरवरच्या पेटीतून होते, तिथे ना चाडं ना मूठ, तरी हेडलाईनमध्ये दोन्ही शाबूत आहेत. पण शब्द फक्त हेडलाईनमध्येच उरलाय असंही नाही, शेतीच्या सल्ल्यात 'दोन चाड्याच्या पाभरीने पेरणी करावी' असं वाक्य असतं, तिथे एक चाडं बियाण्याचं आणि दुसरं खताचं.

फोटोवाल्यासाठी थोडं. असल्या वाडग्याला बाजारात काहीही नाव देऊन विकतात, म्हणून स्वतः उलटा करून बघा. भोकं सरळ खाली न जाता बाहेरच्या अंगाला तिरकी गेलेली असतील तर चाडंच, कारण खाली नळ्या फाकून वेगवेगळ्या फणांकडे जातात. आतून भोकांच्या कडा दाण्यांनी गुळगुळीत झालेल्या असतात, बोट फिरवलं की कळतं. एखाद्याला हळदीकुंकवाचा चौफुला वाटेल, पण त्याच्या वाट्या बंद बुडाच्या असतात, आरपार नसतात. शेवयाच्या साच्याला भोकं पुष्कळ आणि बारीक. मापटं-चिपटं म्हणाल तर मापाला भोक ठेवून कसं चालेल!

तुमच्या फोटोत भोकं चार आहेत, म्हणजे हे तिफणीचं नाही, चार फणांच्या पाभरीचं. आणि फोटो मोठा करून बघितला तर काठाला एका बाजूला लाकूड जरा जास्त झिजलेलं आणि काळपट दिसतंय, चालताना आधाराचा हात बहुतेक तिथेच टेकत असणार. मेणबत्ती लावणारच असाल तर निदान त्या बाजूला मेण सांडू देऊ नका.