पाचगणीचं घर शिबिराला दिलं, ८०जी मिळेल का?

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापुरात राहतो, निवृत्त आहे. पाचगणीला आमचं एक छोटं घर आहे, एरवी कुलूपच असतं. मे २०२५ मध्ये ओळखीच्या संस्थेनं विडी कामगारांच्या मुलांचं आठ दिवसांचं शिबिर तिथं घेतलं. भाडं घेतलं नाही. संस्थेनं ‘घराचा वापर, देणगी रु. ४०,०००’ अशी पावती दिली. आयकरात देणगीची (कलम ८०जी) वजावट मिळेल ना? न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, तिकडं मिळते.

उत्तर : काका, सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली सुट्टी काढणारी ती मुलं आठ दिवस पाचगणीच्या हवेत राहिली, हे फार मोलाचं झालं. पण या पावतीवर वजावट मागू नका. कलम ८०जी खाली पैशाच्या रूपातलीच देणगी धरतात. धान्य दिलं, चादरी दिल्या, तरी वजावट नाही. घराचा वापर त्याहून लांबचा. संस्था देणगीदाराला देते त्या १०बीई या देणगी-प्रमाणपत्रात ‘वस्तुरूप देणगी’ अशी नोंद आली तरी फरक पडत नाही. खजिनदारांनी चांगल्या मनानंच लिहिलं असणार. त्यांना सांगून ती पावती रद्द करून घ्या आणि साधं पत्र मागा : शिबिराच्या तारखा आणि ‘भाडं दिलेलं नाही’ एवढं पुरे.

यात तुमचं नुकसान काहीच नाही. जे ४०,००० हातात आले नाहीत, ते उत्पन्नात धरायचे नाहीत, म्हणून त्यावर करही नाही.

‘भाडं घ्या आणि तेच देणगी म्हणून परत द्या’ असं कुणीतरी सुचवेलच. ऐकू नका. स्वतःच्या वापरातल्या दोन घरांचं वार्षिक मूल्य, म्हणजे करासाठी धरलं जाणारं घराचं उत्पन्न, शून्य धरता येतं. त्यातलं एक वर्षात थोडे दिवस जरी भाड्यानं दिलं, तरी त्या घराची ही सवलत जाते. शिवाय अशा संस्थांना दिलेल्या देणगीची वजावट बहुधा निम्मीच, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नव्या करप्रणालीत तर ८०जी नाहीच.

भाच्यालाही सांगा. अमेरिकेच्या आयआरएसच्या (तिथल्या आयकर खात्याच्या) प्रकाशन ५२६ मध्ये नेमकं हेच उदाहरण आहे : समुद्रकाठच्या घरातला एक आठवडा चर्चच्या निधीसाठीच्या लिलावाला दिला. मालकाला वजावट नाही, कारण त्यानं मालकी दिली नाही, नुसता वापर दिला. रास्त भाड्याइतकी बोली लावून तिथं राहिलेल्या बाईंनाही नाही. वर, एरवी ते घर भाड्यानं देत असेल, तर लिलावातून गेलेले दिवस मालकाच्या स्वतःच्या वापरात मोजतात आणि त्यानं खर्चाच्या वजावटीवर गदा येऊ शकते.

पुढच्या मे महिन्यात घर असंच मोफत द्या. जुन्या करप्रणालीत असाल आणि वजावटही हवी असेल, तर मुलांच्या बसभाड्यासाठी वेगळी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं द्या. २,००० च्या वरची रोख चालत नाही. संस्थेची ८०जी मान्यता चालू आहे का ते आधी बघा, आणि १०बीई वर तुमचा पॅन बरोबर पडलाय ना, तेही तपासा.