निकेल ‘मुरत’ नाही, त्यावर लोखंड चढतं

प्रश्न असा: नाशिकला एमएस्सी करतोय, प्रोजेक्टमध्ये पाण्याचं विघटन करायचंय. साधं निकेल पुरेल की प्लॅटिनमच लागेल?

ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनम नकोच. पण ‘साधं निकेल’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. निकेलची पट्टी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चार दिवस चालवली की करंट वाढत जातो, आणि आमच्याकडचे एक सर त्याला वर्षानुवर्षं ‘इलेक्ट्रोड मुरला’ म्हणत आले. मुरायला ते काय लोणचं आहे? पोटॅशमध्ये, म्हणजे त्याच हायड्रॉक्साइडमध्ये, अशुद्धी म्हणून असलेलं लोखंड पट्टीवर चढतं, बस. कॉरिगन नावाच्या संशोधकाने हे 1987 सालीच दाखवलंय. 1 पीपीएमहून, म्हणजे दहा लाखांत एका भागाहून, कमी लोखंडही पुरतं.

मग ते मुद्दामच घाला ना. निकेल फोम (स्पंजसारखी सच्छिद्र निकेलची पट्टी) 3 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये दहा मिनिटं सॉनिकेटरला, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्राला, लावून धुवा. निकेल नायट्रेट आणि फेरिक नायट्रेट प्रत्येकी 3 मिलिमोलर, द्रावण ताजंच हवं. शिळं झालं की तपकिरी गाळ बसतो. त्या द्रावणात फोमला सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे 1 व्होल्ट द्या, 300 सेकंद. झाला कॅटलिस्ट.

मोजताना जास्त चुका होतात. 1 मोलर पोटॅशसाठी 85 टक्केवाल्या गोळ्या लिटरला 66 ग्रॅम. भांडं पॉलिप्रोपिलीनचं घ्या, काच अल्कलीत झिजते. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्ट मोजतात तो) मर्क्युरी ऑक्साइडचा; पुढचे आकडे मात्र हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (RHE) तुलनेत बदलून घेतलेले. क्रोकोडाइल पिन द्रावणात बुडू देऊ नका. 1.4 व्होल्टच्या आसपास निकेल स्वतःच ऑक्सिडाइज होतं, आलेखातला तो उंचवटा चुकून ऑक्सिजनच्या खात्यात जातो. म्हणून उलटा, म्हणजे व्होल्ट कमी करत नेलेला, स्कॅन वाचा. 10 मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला 1.23 व्होल्टच्या (पाणी फोडायला लागणाऱ्या किमान व्होल्टच्या) वर 200 ते 300 मिलिव्होल्ट आले तर काम चोख.

आणि ‘शुद्ध निकेल’ तुलनेला ठेवणारच असाल तर सातपूर एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याकडचा निकेलचा क्षार आणू नका. 99.999 टक्के शुद्ध निकेल नायट्रेटपासून हायड्रॉक्साइडचा गाळ पाडा, धुवा, त्यात पोटॅशचं द्रावण दहा मिनिटं हलवून तीन तास ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्या. लोखंड गाळात अडकतं. त्या द्रावणात निकेल चार दिवस ‘मुरवून’ दाखवा, मग बोलू.

हायड्रोजनची बाजू मोजताना समोर प्लॅटिनमची तार नको, ग्रॅफाइट लावा. प्लॅटिनम विरघळून तुमच्याच कॅटलिस्टवर बसतं. हो, आणि हे सगळं अल्कलीपुरतं. ॲसिडमध्ये निकेल विरघळतं, तिथे ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम ऑक्साइडच लागतं.