लघवीला जळजळ होतेय. डॉक्टरांनी कल्चर सांगितलंय, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील. तोवर घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ का?

नका घेऊ. नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत तर नाहीच नाही. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी.

ती उरलेली गोळी बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन असणार, मागच्या वेळी दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून राहिलेली. हे औषध लघवीत भरपूर उतरतं. एकच गोळी घेतलीत तरी नमुन्यातले जंतू अर्धमेले होतात, लॅबच्या प्लेटवर धड उगवत नाहीत. रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, जळजळ मात्र तशीच. मग डॉक्टरही अंधारातच.

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. कितीतरी वर्षं जळजळ म्हटलं की माझं पेन आपसूक नॉरफ्लॉक्सासिन लिहायचं, सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच कुळातलं. पेशंटला कल्चरचा खर्च कशाला, असा माझा हिशोब. एक शिक्षिका चौथ्यांदा आल्या तेव्हा कुठे लाजेकाजेस्तव नमुना पाठवला. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. नॉरफ्लॉक्सासिन ‘आर’, सिप्रो ‘आर’, सेफिक्झिम ‘आर’. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत. तीन वेळा मी त्यांना काय दिलं होतं, ते त्या कागदावर वाचताना घाम फुटला. नायट्रोफ्युरँटोइनपुढे मात्र ‘एस’ होता, म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडतं. १९५०च्या दशकातलं जुनं, स्वस्त औषध! पाच दिवसांत बाई मोकळ्या. (मध्ये एकदा लघवी तपकिरी दिसते म्हणून घाबरून फोन आला होता, त्या औषधाने तसं होतं, हे सांगायचं मीच विसरलो होतो.)

पण म्हणून नायट्रोफ्युरँटोइन तुम्ही स्वतःहून आणू नका. ते मूत्राशयापुरतंच. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो, तिथे त्याचा उपयोग नाही. असं काही असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर रिपोर्टची वाट न बघता आजच दाखवा. त्रास फार असेल तरीही नमुना दिल्यावर डॉक्टर लगेच औषध सुरू करू शकतात, रिपोर्ट आल्यावर लागलं तर बदलतात.

नमुना देताना पहिली धार सोडून मधली घ्या, लॅबच्याच निर्जंतुक डबीत. दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा.